तिकिटावरचे नाव, आकाशातले नाव

मुंबईहून दिल्लीला जाणाऱ्या कोणत्याही विमानाची कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर एक विसंगती चटकन नजरेत भरते. प्रवाशाच्या बोर्डिंग पासवर आणि त्याच्या बॅगेला लावलेल्या चिठ्ठीवर 'बी-ओ-एम' आणि 'डी-ई-एल' अशी तीन-तीन अक्षरे असतात. त्याच विमानाचा जो फ्लाइट प्लॅन हवाई वाहतूक नियंत्रणाकडे दाखल होतो, त्यात मात्र ही अक्षरे कोठेच नसतात. तेथे 'व्ही-ए-बी-बी' आणि 'व्ही-आय-डी-पी' असे लिहिलेले असते. विमान एक, धावपट्ट्या त्याच, पोटातली माणसे तीच. स्थळांची नावे मात्र दोन-दोन.

असे का, या प्रश्नाचे सरधोपट उत्तर एका वाक्यात देता येते. तीन अक्षरे 'आयाटा' ही विमान कंपन्यांची संघटना देते आणि चार अक्षरे 'आयसीएओ' या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या व्यवस्थेतून येतात. संस्था दोन म्हणून संकेतही दोन. हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. दोन संस्थांनी एकच यादी वापरायला कोणाची हरकत होती? आमच्या मते या दोन नावांमागे दोन वेगळे प्रश्न आहेत. 'हा माणूस आणि त्याचे सामान कोठे पोहोचवायचे?' हा पहिला. 'त्या जागेविषयीचा संदेश कोणाकडे धाडायचा, आणि तेथल्या आकाशाचा जबाबदार कोण?' हा दुसरा. दोन्ही प्रश्नांचे उत्तर बहुतेक वेळा एकाच ठिकाणी बोट दाखवते, म्हणून आपल्याला ते एकच वाटतात. ते एक नाहीत, हे कळते ते जागा किंवा नावे बदलू लागली म्हणजे.

साहित्याच्या अभ्यासकांना या विषयात काय रस, असे कोणी विचारील. नाव आणि वस्तू यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे आपण वर्गात सोस्यूरच्या आधाराने शिकवतो. पण एकदा जडलेला यादृच्छिक संबंध किती चिवट होतो आणि तो तोडण्याचा अधिकार कोणाकडे असतो, याची उदाहरणे द्यायची वेळ आली की आपली पंचाईत होते. विमानतळांच्या याद्या ही उदाहरणे फार उदारपणे पुरवतात.

प्रारंभ हवामानापासून झाला. 1930 च्या दशकात अमेरिकेत प्रवासी विमाने नियमित उडू लागली, तेव्हा तेथील हवामान खात्याने आपल्या वेधशाळांच्या गावांना दोन-दोन अक्षरांचे संकेत आधीच दिलेले होते. विमान कंपन्यांनी तेच उचलले. दोन अक्षरांच्या जोड्या होतात 676. विमानतळ वाढत गेले तशा त्या अपुऱ्या पडू लागल्या आणि तिसरे अक्षर जोडणे भाग पडले. तीन अक्षरांत 17,576 जोडण्या बसतात. ज्या गावांना दोन अक्षरे होती त्यांच्यापैकी काहींनी नुसता 'एक्स' मागे चिकटवला. लॉस एंजेलिसचे 'एल-ए' होते, ते 'एल-ए-एक्स' झाले. पोर्टलंडचे 'पी-डी-एक्स' झाले. या 'एक्स'ला काही अर्थ नाही. तो रिकाम्या खुर्चीवर ठेवलेला रुमाल आहे.

काही अक्षरे आधीच दुसऱ्यांनी अडवून ठेवलेली होती. बिनतारी संदेशांच्या व्यवस्थेत अमेरिकेत 'एन' हे आद्याक्षर नौदलाकडे गेले होते, तर 'के' आणि 'डब्ल्यू' नभोवाणी केंद्रांकडे. म्हणून नेवार्कचा संकेत 'एन'ला वगळून 'ई-डब्ल्यू-आर' झाला आणि की वेस्टने आपला 'के' गमावून 'ई-वाय-डब्ल्यू' पत्करले. गंमत पुढेच आहे. पुढे चार अक्षरी पद्धत आली, तेव्हा मुख्यभूमीवरच्या अमेरिकेला देशाची खूण म्हणून 'के' हेच अक्षर मिळाले आणि की वेस्ट 'के-ई-वाय-डब्ल्यू' झाले. एका व्यवस्थेने काढून घेतलेले अक्षर दुसरीने परत केले, आणि तेही गावाचे म्हणून नव्हे, देशाचे म्हणून!

दुसरे महायुद्ध संपत आले असता या सर्व पसाऱ्याला आंतरराष्ट्रीय रूप देणे भाग होते. 7 डिसेंबर 1944 रोजी शिकागो येथे नागरी विमान वाहतुकीच्या करारावर सह्या झाल्या आणि त्या करारानुसार 4 एप्रिल 1947 रोजी आयसीएओ अस्तित्वात आली. ती राष्ट्रांची संघटना. त्या दोहोंच्या मध्ये, एप्रिल 1945 मध्ये, हवाना येथे आयाटाची स्थापना झाली. ती कंपन्यांची संघटना. 1919 साली हेग येथे स्थापन झालेल्या जुन्या संस्थेची वारसदार. दोघींचीही मुख्यालये मॉन्ट्रियल शहरात आहेत. तेव्हा अंतर हे या दुहेरी नामकरणाचे कारण नव्हे, एवढे तरी मान्य व्हावे.

खरे कारण पाहायचे तर चार अक्षरांची मोडणी उकलून पाहावी लागते. 'व्ही-ए-बी-बी' हा मुळात पत्ता आहे. पहिले अक्षर जगाचा विभाग सांगते. 'व्ही' म्हणजे दक्षिण आशिया आणि त्याच्या पूर्वेचा मुलूख: श्रीलंका 'व्ही-सी', नेपाळ 'व्ही-एन', बांगलादेश 'व्ही-जी', थायलंड 'व्ही-टी'. दुसरे अक्षर देश सांगते. भारताचे आकाश मोठे, म्हणून त्याच्या वाट्याला चार अक्षरे आली आहेत. मुंबईच्या हवाई क्षेत्राला 'ए', दिल्लीच्या 'आय', कोलकात्याच्या 'ई' आणि चेन्नईच्या 'ओ'. पुणे 'व्ही-ए-पी-ओ', नागपूर 'व्ही-ए-एन-पी', पण अहमदाबाद आणि भोपाळही 'व्ही-ए'च. राज्याची सीमा या अक्षरांना दिसत नाही. भाषेची तर नाहीच. उरलेली दोन अक्षरे प्रत्यक्ष जागेची.

ही उतरंड टेलिप्रिंटरच्या सोयीची होती. विमानतळांमधून फिरणाऱ्या संदेशांच्या जाळ्यात प्रत्येक पत्ता आठ अक्षरांचा असतो. त्यातली पहिली चार म्हणजे हा संकेत, पुढची तीन त्या जागेवरील कार्यालयाची आणि शेवटचे एक त्यातल्या विभागाचे. टपालाच्या पिन कोडचा पहिला आकडा पाहून पत्र कोणत्या गोणीत टाकायचे हे जसे कळते, तसे 'व्ही' दिसताच संदेश कोणत्या दिशेला वळवायचा हे कळे. म्हणूनच ज्या ठिकाणी विमान उतरतच नाही अशांनाही हे संकेत असतात. मुंबईच्या हवाई क्षेत्राच्या केंद्राचा संकेत 'व्ही-ए-बी-एफ' असा निराळा आहे. धावपट्टी बंद असल्याची सूचना, दर तासाचा हवामानाचा अहवाल, उड्डाणाचा आराखडा, हे सारे चार अक्षरांवर चालते. भारतातली तार 2013 च्या जुलैत बंद झाली. तारेच्या युगातले हे पत्ते मात्र आजही आपल्या डोक्यावरून रोज जात-येत असतात.

तीन अक्षरांत अशी उतरंड नाही. 'बी-ओ-एम' या अक्षरांवरून ते गाव कोणत्या खंडात आहे हे ताडता येत नाही, आणि तिकीट देणाऱ्याला ते ताडायचेही नसते. त्याला हवे असते आटोपशीर, लक्षात राहणारे, दुसऱ्याशी न घोटाळणारे नाव. म्हणूनच 'एल-ओ-एन' म्हणजे अवघे लंडन असा शहराचाही संकेत आयाटाच्या यादीत असतो. वैमानिकाला मात्र 'लंडन'ला उतरता येत नाही; त्याला एखाद्या नेमक्या धावपट्टीवरच उतरावे लागते.

पत्त्यात सत्ता असते, हे वेगळे सांगायला नको. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमान अहमदाबादमार्गे जुहूला आणले, तेव्हा या दोन ठिकाणांना असली अक्षरे नव्हती. आजच्या अक्षरांत तो प्रवास लिहायचा झाला, तर तो 'ओ-पी-के-सी'पासून 'व्ही-ए-जे-जे'पर्यंतचा होईल. पाकिस्तान 'ओ' या विभागात, अफगाणिस्तान आणि आखाती देशांच्या शेजारी बसलेला आहे. फाळणीची रेघ विमानशास्त्राच्या यादीतही अशी उमटलेली आहे. तिकडे युरोपात लिथुएनिया, लॅटव्हिया आणि एस्टोनिया यांचे विमानतळ सोव्हिएत काळात 'यू'ने सुरू होत. स्वतंत्र झाल्यावर ते 'ई'त, म्हणजे उत्तर युरोपात, आले. विमानतळ जागचे हलले नव्हते. रीगाचे विमान पूर्वीच्याच धावपट्टीवर उतरत होते; बदलले होते ते त्या जागेचे राजकीय दैवत.

आता आमच्या मुद्द्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण. मार्च 2008 मध्ये हैदराबादची प्रवासी वाहतूक बेगमपेठहून शमशाबादच्या नव्या विमानतळावर गेली. त्या दिवशी 'एच-वाय-डी' ही तीन अक्षरे बोचके बांधून प्रवाशांबरोबर शमशाबादला निघून गेली आणि मागे राहिलेल्या बेगमपेठला 'बी-पी-एम' हे नवे नाव मिळाले. चार अक्षरांचे उलट झाले. बेगमपेठचे 'व्ही-ओ-एच-वाय' होते तेथेच राहिले आणि शमशाबादला 'व्ही-ओ-एच-एस' हे नवे नाव दिले गेले. एप्रिल 2019 मध्ये इस्तंबूलमध्ये तेच घडले. 'आय-एस-टी' नव्या विमानतळावर गेले, जुन्या अतातुर्क विमानतळाला 'आय-एस-एल' हे नाव आले. पण अतातुर्कचे चार अक्षरी 'एल-टी-बी-ए' त्याच जमिनीशी राहिले आणि नव्याला 'एल-टी-एफ-एम' मिळाले. व्यापाराचे नाव गिऱ्हाइकाच्या मागे जाते आणि आकाशाचे नाव जमिनीला धरून राहते, असा हा मामला आहे. दुकान हलले की पाटी हलते, सर्व्हे नंबर हलत नाही. अर्थात नियमाला अपवाद आहेच. हाँगकाँगचा विमानतळ 1998 च्या जुलैत काई ताकहून चेक लाप कोक येथे गेला, तेव्हा तीन आणि चार अशी दोन्ही नावे त्याच्यासोबत गेली.

जागा बदलली की काय होते ते पाहिले. जागा तीच राहून नाव बदलले तर? मराठी वाचकाला हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. 1995 साली 'बॉम्बे' अधिकृतपणे 'मुंबई' झाले. 1999 साली विमानतळाला छत्रपती शिवाजींचे नाव दिले गेले आणि 2018 साली त्यात 'महाराज' हे पद जोडले गेले. बॅगेवरची चिठ्ठी मात्र 'बी-ओ-एम'च म्हणत राहिली. चेन्नईचा 'एम-ए-ए' आजही मद्रासची आठवण देतो, कोलकात्याचा 'सी-सी-यू' कॅलकटाची. हे केवळ आपल्याकडचे नव्हे. सेंट पीटर्सबर्गला 'एल-ई-डी', म्हणजे लेनिनग्राड. हो चि मिन्ह नगरीला 'एस-जी-एन', म्हणजे सायगाव. ग्वांगझौला 'सी-ए-एन', म्हणजे कँटन. शिकागोच्या ओहेअर विमानतळाचा 'ओ-आर-डी' तर ज्या 'ऑर्चर्ड फील्ड' या नावाचा अवशेष आहे, ते 1949 सालीच पुसले गेले. क्रांती, प्रतिक्रांती, स्वातंत्र्य, अस्मिता या साऱ्यांना पुरून उरलेली ही तीन-तीन अक्षरे आहेत.

आयाटाचे म्हणणे स्पष्ट आहे. तिच्या 763 क्रमांकाच्या ठरावानुसार संकेत कायमस्वरूपी मानले जातात आणि हवाई सुरक्षेशी निगडित सबळ कारणावाचून बदलले जात नाहीत. बिहारमधल्या गया विमानतळाचा संकेत गावाच्याच नावावरून 'जी-ए-वाय' असा आहे. तो इंग्रजीत अवघडल्यासारखा वाटतो, म्हणून बदलावा, अशी शिफारस संसदेच्या सार्वजनिक उपक्रम समितीने 2022 साली केली. तिलाही या ठरावाचेच उत्तर मिळाले. (त्या शब्दाने अवघडावे का, हा वेगळा प्रश्न, आम्हाला तरी तसे वाटत नाही.) पण हे कायमपण सर्वांसाठी सारखेच आहे असेही नाही. न्यूयॉर्कचा आयडलवाइल्ड विमानतळ 'आय-डी-एल' होता. नोव्हेंबर 1963 मध्ये केनेडींची हत्या झाली आणि पुढच्याच महिन्यात विमानतळ आणि संकेत दोन्ही त्यांच्या नावाचे झाले. कझाकस्तानची कथा अधिक बोलकी आहे. तेथल्या राजधानीचा संकेत 'टी-एस-ई' हा सोव्हिएतकालीन 'त्सेलिनोग्राद'वरून आलेला होता. 2019 साली अस्तानाचे नाव राष्ट्राध्यक्षपदावरून पायउतार झालेल्या नेत्याच्या सन्मानार्थ नूर-सुलतान करण्यात आले आणि 2020 साली विमानतळाला 'एन-क्यू-झेड' हा नवा संकेत मिळाला. 2022 साली शहर पुन्हा अस्ताना झाले. 'एन' राहून गेला. एका नावापासून सुटका करून घेताना दुसरे गळ्यात पडले, आणि तेही तीन वर्षांत शिळे झालेले.

आपल्याकडे 'बी-ओ-एम'विषयी बोलताना एक तक्रारीचा सूर लागतो: परदेशी संस्था आमच्या शहराचे नाव मानत नाहीत. बॉम्बे हायकोर्टाचे किंवा आयआयटी बॉम्बेचे इंग्रजी नाव तसेच राहिले, त्यांना हा दोष देता येत नाही, एवढे सांगून हा मुद्दा संपवता आला असता. पण त्याहून नेमके उत्तर त्या दुसऱ्या यादीत आहे. चार अक्षरांपैकी पहिली दोन आयसीएओच्या वाटपानुसार ठरतात. शेवटची दोन त्या-त्या राष्ट्राने ठरवून कळवायची असतात. म्हणजे 'व्ही-ए-बी-बी'मधले 'बी-बी' दिल्लीच्या हातात होते आणि आहे. 1995 नंतर ते बदलले गेले नाही. चेन्नईच्या 'व्ही-ओ-एम-एम'मधला मद्रासचा 'एम' आणि कोलकात्याच्या 'व्ही-ई-सी-सी'मधला 'सी'ही तसेच आहेत. संकेत बदलताच येत नाहीत असेही नाही. गोव्याचा दाबोळी विमानतळ जुन्या याद्यांत 'व्ही-ए-जी-ओ' आहे. आता तो 'व्ही-ओ-जी-ओ' आहे, म्हणजे मुंबईच्या अक्षराखालून निघून चेन्नईच्या अक्षराखाली गेला आहे. पत्ता बदलला की आपण अक्षर बदलतो. नाव बदलले म्हणून बदलत नाही. शहराचे नाव वाचणाऱ्यांसाठी एक निकष आणि आकाश सांभाळणाऱ्यांसाठी दुसरा, हा भेद आपणच पाळलेला आहे. आमच्या मते तो योग्यच आहे.

तो योग्य का, हे सांगण्यासाठी एका अपघाताकडे वळावे लागते. येथे विमानतळाचा नव्हे, दिशादर्शक रेडिओ केंद्राचा संकेत गुंतलेला आहे, पण दुखणे तेच. 20 डिसेंबर 1995 च्या रात्री मायामीहून निघालेले एक बोइंग 757 कोलंबियातील काली शहराच्या जवळ आले होते. वाट डोंगरांमधल्या दरीतून होती. विमानतळाजवळच्या 'रोझो' या केंद्राकडे थेट जायचे असे वैमानिकांनी ठरवले. त्यांच्या हातातल्या नकाशावर रोझोची खूण 'आर' अशी होती. त्यांनी विमानाच्या संगणकात 'आर' हे अक्षर भरले. संगणकाच्या यादीत मात्र 'आर' म्हणजे बोगोताजवळचे 'रोमिओ' नावाचे केंद्र होते. रोझो हवे असेल तर त्याचे पूर्ण नाव टंकावे लागे. विमान अंधारात डावीकडे, डोंगरांच्या दिशेने वळले. चूक लक्षात येऊन ते परत वळवेपर्यंत उशीर झाला होता. विमानातल्या 163 जणांपैकी 159 जण मरण पावले. अपघाताची कारणे अनेक होती आणि वैमानिकांची घाई हे त्यातले एक. पण कागदावरचा एक संकेत आणि यंत्रातला तोच संकेत यांचे अर्थ निराळे असणे, हा त्या साखळीतला दुवा होता. येथे चिन्ह आणि अर्थ यांमधली फट काही अभ्यासकाला सुचलेले रूपक नव्हती.

हे लक्षात घेतले म्हणजे दोन याद्यांचा 'घोळ' वाटतो तेवढा घोळ उरत नाही. तीन अक्षरे प्रवाशासाठी. ती चुकली तर बॅग भलतीकडे जाते. चार अक्षरे आकाशासाठी. ती शिळी असोत, कुरूप असोत, पण दोन नसावीत आणि उगीच हलू नयेत. याशिवाय आणखीही याद्या आहेत. हवामानशास्त्रज्ञांच्या जागतिक यादीत सांताक्रूझ हे 43003 आहे आणि कुलाबा 43057. त्यांच्या लेखी मुंबई एक नाहीच. रेल्वेवाल्यांच्या लेखी दादरसुद्धा एक नाही: मध्य रेल्वेचे 'डी-आर', पश्चिम रेल्वेचे 'डी-डी-आर', आणि मधल्या पुलावरून रोज जाणाऱ्या लोकांना याचा पत्ता नसतो. एप्रिल 2021 मध्ये मंगळावर पहिले हेलिकॉप्टर उडाले, तेव्हा तेथल्या जेझेरो विवरालाही आयसीएओने 'जे-झेड-आर-ओ' हा चार अक्षरी संकेत बहाल केला. आयाटाचा संकेत त्या जागेला नाही. तिकडे अजून कोणाची बॅग जात नाही.

डिसेंबर 2025 मध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. तिकिटावर तो 'एन-एम-आय' आहे आणि फ्लाइट प्लॅनमध्ये 'व्ही-ए-एन-एम'. शहराच्या नामांतरानंतर तीस वर्षांनी 'मुंबई'चा 'एम' असा दोन्ही याद्यांत शिरला. त्यासाठी पनवेलजवळ नवी धावपट्टी बांधावी लागली. सांताक्रूझहून निघणाऱ्या विमानांच्या आराखड्यात अजूनही 'व्ही-ए-बी-बी' असेच लिहिले जाते.